थोट्याचं हॉटेल

दसरा होऊन आठवडा झाला आणि उमरखेडच्या रस्त्यांवर सोयाबीन दिसू लागलं. ट्रॉलीतल्या पोत्यांच्या शिवणीतून गळलेले दाणे डांबरावर पडतात, त्यांच्यावरून चाकं जातात, आणि दुपारच्या उन्हात एक कोवळा, तेलकट वास बस स्टँडपर्यंत पसरतो. थ्रेशरवरून सरळ आलेल्या माणसांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या असतात. अशा भुवयांचा पहिला माणूस आमच्या हॉटेलात शिरला की माझ्यासाठी हंगाम सुरू होतो. तो आधी बाहेरच्या नळावर तोंड धुतो, दुपट्ट्यानं पुसतो, बाकावर टेकतो आणि भिंतीवरच्या फलकाकडे न बघता म्हणतो, "दोन बोंडे. रस्सा जास्त टाकजा."

परवा असाच एक जण आला आणि मी कढईपाशी उभी राहून गेल्या वर्षीच्या हंगामात जाऊन पोचले. ह्याच दिवसांत आम्ही हॉटेलाची पाटी बदलली, वेबसाइट केली. ऐकणाऱ्याला वाटेल, ह्यात एवढं आठवण्यासारखं काय आहे. गावात रोज कुणाची तरी पाटी बदलते. पण आमच्या घरात एक शब्द होता, जो कुणी तोंडातून काढत नसे. तो त्या दिवसांत आत आला, आणि मग राहिलाच.

हॉटेल बस स्टँडच्या समोर आहे, रस्ता ओलांडला की. माझे आजेसासरे गणपतराव यांनी ते सुरू केलं, सासऱ्यांनी वाढवलं, आता माझा नवरा प्रकाश आणि मी चालवतो. सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणते. ऐंशीच्या घरात आले तरी सकाळी सातला काउंटरवर हजर, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. तेव्हाच्या पाटीवर निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'विश्रांती भोजनालय' असं लिहिलेलं होतं. हॉटेल हाती आल्यावर मामाजींनी हे नाव स्वतः शोधलं आणि पेंटरच्या शेजारी दिवसभर उभं राहून रंगवून घेतलं. आधी कसलीच पाटी नव्हती म्हणतात. पण गावात 'विश्रांती' कुठे आहे असं विचारलं, तर लोक डोकं खाजवत.

लोक ज्या नावानं ओळखत ते मला लग्नाआधीपासून माहीत होतं. माझं माहेर महागावचं. लग्न ठरलं तेव्हा शेजारची काकू आईला म्हणाली होती, "थोट्याच्या घरी देली म्हन्तात पोरगी. चांगलं केलं. खायाप्याची ददात नाही राहायची." मला वाटलं, असेल काही जुनं घराण्याचं नाव. लग्नाला चार-पाच दिवस झाले असतील. मी मामाजींना वाढत होते. नव्या सुनेशी काहीतरी बोलावं म्हणून ते मायेनं म्हणाले, "काहून सूनबाई, महागावात आपलं हॉटेल माहीत हाय का लोकायले?" मी त्यांना खूश करायला आतुर झालेली. मी म्हणाले, "हो मामाजी. थोट्याचं हॉटेल म्हन्तलं की सारे ओयखतात."

त्यांचा हात ताटातच थांबला. भात कालवलेला होता. ते पेलाभर पाणी प्यायले आणि ताटाला नमस्कार करून उठले. डोळे वर करून पाहिलंही नाही. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, की आजेसासरे आधी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात मजूर होते. कापूस मशीनमध्ये लोटताना उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. काम सुटलं, म्हणून त्यांनी जिनाच्या वाटेवर आलूबोंडे तळायला सुरुवात केली. "तो शब्द या घरात नाही बोलत बाई," त्या म्हणाल्या. "तुह्या मामाजींनी लहानपणी लय मारामाऱ्या केल्या त्याच्यापायी."

सासूबाई आता नाहीत. त्या दिवसानंतर चोवीस वर्षं तो शब्द मी घरात उच्चारला नाही. माहेरी गेल्यावर कुणी सहज बोललं तरी माझ्या डोळ्यांसमोर ते कालवलेलं ताट येई.

शिवानी, माझी मुलगी, नागपूरला डिझाइन शिकते. गेल्या वर्षी दिवाळीला ती पंधरा दिवस आधीच आली, लॅपटॉप आणि मोठा बेत घेऊन. तिला कॉलेजात एक काम करायचं होतं. एखाद्या जुन्या धंद्याला नवं रूप द्यायचं, पाटीपासून वेबसाइटपर्यंत. तिनं आमचंच हॉटेल निवडलं होतं. मामाजींना ते फार आवडलं. नातीनं आपल्या हॉटेलाचा अभ्यास करावा, ह्यात त्यांना मान वाटला. सकाळी ते तिला शेजारी बसवून एकेक पदार्थ सांगत आणि ती लिहून घेई. सांबारवडीपाशी दोघांचं अडलं. शिवानी म्हणाली, "आबाजी, बाहेरच्या लोकांले वाटन इडलीसोबतचं सांबार." मामाजी म्हणाले, "मंग त्यायले सांग ना, आपल्याकडे कोथिंबिरीले सांबार म्हन्तात. इथं येऊन खातीन तर वाचता तरी येईन त्यायले." ते तसंच लिहिलं गेलं.

त्या सकाळी मला अजून दिसतात. दारापुढे सडा घातलेला, भट्टी नुकती पेटलेली, उकडलेल्या आलूंची वाफ आणि बाहेर बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची घरघर. घरात दिवाळीची साफसफाई निघालेली, म्हणून अर्धी भांडी अंगणात. त्या पसाऱ्यात आजोबा आणि नात एका बाकावर बसून फॉन्ट निवडत होते. मामाजी चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "हा नको. हा लग्नपत्रिकेचा वाटते."

मग एका दुपारी शिवानी मोबाइल घेऊन माझ्याकडे भट्टीपाशी आली. नकाशात तिनं 'विश्रांती भोजनालय' शोधलं तर काही सापडेना. शेवटी बस स्टँडच्या समोर बोट ठेवलं तेव्हा आमचं हॉटेल दिसलं. कुणीतरी त्याची नोंद आधीच करून ठेवली होती. नाव होतं 'थोट्याचं हॉटेल'. खाली किती तरी लोकांनी लिहिलं होतं. कुणी यवतमाळहून, कुणी नांदेडहून. सगळे बोंड्याबद्दल. एका बाजूनं गोल आणि एका बाजूनं चपटा असा बोंडा आम्ही दुसरीकडे कुठे पाहिला नाही, असं एकानं लिहिलं होतं.

"आई, आपल्याले आधीच नाव हाय," ती हरखून म्हणाली. "मी फुकट डोकं खपवून राह्यली."

मी तिचा हात धरून तिला मागच्या अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. बोटं, मारामाऱ्या, माझं ते ताट. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि बोंडा चपटा काहून असते?"

मी सून म्हणून आले तेव्हा बोंडे चपटेच होते. मामाजी ते झरझर हातानं करत. प्रकाश आणि मी गोळा करून परातीच्या काठाला दाबतो, म्हणजे एक बाजू बसते. असं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. घरातल्या किती गोष्टी आपण अशा न विचारता करत राहतो. आपल्याला वाटतं, हीच रीत.

शिवानीनं मामाजींना काही विचारलं नाही. पण दोन दिवसांनी फुलसिंगकाका आले. ते महागाव रस्त्यावरच्या बंजारा तांड्यावरचे. आता डोक्याला पांढरा फेटा, कानात जाड बाळी, वय मामाजींच्याच आसपास. सोयाबीन विकायला आले की आमच्याकडे जेवल्याशिवाय परत जात नाहीत. शिवानी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारत होती, तसंच तिनं त्यांना विचारलं, "काका, तुम्ही इथं कधीपासून येता?"

काका हसले. "बेटी, मी बापाच्या गाडीवर बसून येत होतो. कापसाच्या गाड्यांची जिनासमोर लाइन लागे. सकाळची गाडी दुपारी खाली होये. तुह्या आबाजीचा बाप इथून हात वर करे, असा. बोटं नसलेला हात, दुरून दिसे. म्हने, या गाडीवालेहो, थोट्याच्या घरचं गरम हाय."

शिवानीनं काउंटरकडे पाहिलं. मीही पाहिलं. पण काका आठवणीत गेले होते.

"लोकांनी नाव नाही ठेवलं त्याले," ते म्हणाले. "त्यानंच ठेवलं. आमची याडी, माय माही, म्हने, असा मानूस पाह्यला नाही. सोताच्या दुखन्यावर सोताच हासते."

मामाजी उठले. चपला घातल्या आणि भर दुपारी, हॉटेल गच्च भरलेलं असताना, रस्त्यानं निघून गेले. माझ्या आठवणीत त्यांनी हंगामात काउंटर असं सोडलं नव्हतं. फुलसिंगकाका घास हातात घेऊन मला विचारू लागले, "सूनबाई, माह्याकडून काही चुकलं काय?" मी त्यांना आणखी रस्सा वाढला.

मामाजी संध्याकाळी परत आले. कपड्यांवर धूळ होती. जेवताना म्हणाले, "वेबसाइट-गिबसाइट कायले पाह्यजे? आपलं चांगलं चालून राह्यलं." पुढचे दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. शिवानीनं लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला आणि माझ्याबरोबर चिवड्याचे पोहे निवडू लागली. प्रकाश एकदा तिला समजावायला गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तसाच परत आला. तो स्वतः त्या शब्दाच्या धाकात वाढलेला. वडिलांना काय दुखतं हे त्याला माहीत होतं, का दुखतं हे त्यानंही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवानीनंच धीर केला. म्हणाली, "आबाजी, वेबसाइट राहू द्या. मले फक्त तुमचा बोंडा करतानाचा व्हिडिओ पाह्यजे. माह्यासाठी." बोंड्यावर मामाजींचा जीव. ते हात धुऊन पाटावर बसले, समोर आलूची परात. हिरवी मिरची, आलं, सांबार, थोडी बडीशेप. त्यांचा हात परातीत गेला की मला नेहमी शेतातल्या माणसाची आठवण येते. घाई नाही आणि थांबणंही नाही. शिवानी जवळ बसून मोबाइल धरून होती. दहा-बारा बोंडे झाले. मग तिनं तो व्हिडिओ लॅपटॉपवर लावला आणि वेग कमी करून बघू लागली.

"आबाजी," ती म्हणाली, "तुम्ही बोटं आत काहून घेता?"

"कुठं घेतो?"

"हे पाहा ना."

आम्ही तिघं वाकून पाहू लागलो. हळू केलेल्या चित्रात मामाजींचा उजवा हात दिसत होता. गोळा घ्यायच्या आधी त्यांची चार बोटं आपोआप आत दुमडत. मूठ अर्धी मिटे. त्या मिटलेल्या बोटांच्या सपाट बाजूवर गोळा बसे आणि वरून एकटा अंगठा तो फिरवत, दाबत राही. अंगठ्याकडून गोल, मुठीकडून चपटा. मग बोंडा डाव्या हातात जाई आणि चारही बोटं उघडत.

मामाजींनी स्वतःचा हात समोर धरला. बोटं दुमडली, उघडली, पुन्हा दुमडली. आपला हात पहिल्यांदा दिसावा तसे ते पाहत होते.

"मले कोनी शिकवलं नाही," ते म्हणाले. "मी बाजूले बसून पाहत राहो. माह्या बापाचा हात असाच चाले."

दुधाची कॅन घेऊन आलेला प्रकाश दारातच उभा राहिला. मामाजी परातीकडे बघत बोलू लागले. आवाज नेहमीसारखाच होता, हिशेब सांगावा तसा.

"मी सातवीत होतो. शाळेत खेळ होते त्या दिवशी, डबा घरी राह्यला. बाप घेऊन आला. धोतराले बेसन लागलेलं, हाताले फडकं नाही. पोरायनं विचारलं, हा कोन रे? मी म्हन्तलं, आमच्या हॉटेलातला गडी हाय."

शिवानीनं मोबाइल खाली ठेवला.

"तो इतक्या जवळ होता, तू हायस तितक्या. त्यानं ऐकलं. पुढं आला, डबा माह्या हातात देला अन् म्हने, छोटे मालक, जेवून घ्या. पोरायसमोर मले खोटं पडू नाही देलं. मंग गेला निघून. घरी आल्यावर रागावला नाही, मारलं नाही, मायले सांगितलं नाही. मरेपर्यंत त्याच्यावरून एक शब्द बोलला नाही. बोलला असता तं बरं झालं असतं."

त्यांनी एक गोळा उचलला आणि परत ठेवला.

"लोक थोट्या म्हन्तात तं मले लोकायचा राग नाही येत. मले थे शाळेचं मैदान दिसते."

मी भिंतीला टेकून उभी होते. चोवीस वर्षं मी समजत होते, की त्या दिवशी माझ्यामुळे ते ताटावरून उठले. नव्या सुनेनं त्यांच्या वडिलांचा अपमान केला म्हणून. ती टोचणी मी इतकी जपली होती, की दुसरं काही असू शकेल हे माझ्या मनात आलं नाही. ते माझ्यावर कधी रागावलेच नव्हते. एवढ्या वर्षांत एकमेकांना रोज जेवू घालणाऱ्या आम्ही दोघांनी, ह्याबद्दल एकदाही एकमेकांना विचारलं नव्हतं.

प्रकाश आत आला, कॅन ठेवली, वडिलांच्या शेजारी बसला आणि परातीतला एक गोळा घेतला. बोटं आत दुमडून बघू लागला. त्याला जमेना, गोळा अंगठ्याखालून सारखा निसटे. मामाजींनी त्याचा अंगठा धरून जरा खाली आणला. "इथून दाब," ते म्हणाले. पंचावन्न वर्षांचा मुलगा आणि ऐंशीचा बाप. मी चुलीकडे वळले, कारण तेल तापलं होतं आणि माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी मामाजींनी शिवानीला हाक मारली आणि म्हणाले, "लिही." वेबसाइटवर 'आमच्याविषयी' म्हणून जे पान असतं, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. तिनं ते शुद्ध मराठीत उतरवलं, एवढाच बदल. 'माझे वडील गणपतराव जिनात कामाला होते. मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्यानंतर त्यांनी हे हॉटेल टाकलं. आमचा बोंडा एका बाजूनं चपटा असतो, कारण त्यांच्या हातानं तो तसाच होत असे. ते स्वतःला थोट्या म्हणायचे. तुम्हीही म्हणा.'

मला वाटलं, थोडं सजवावं. मी शेवटी एक ओळ घातली, परंपरा, सेवा, आपुलकी असं काहीबाही. मामाजींनी खिशातलं पेन काढून ती खोडली. कागदाची घडी शिवानीच्या हातात दिली आणि म्हणाले, "एवढंच राहू दे."

पाटी पाडव्याच्या दिवशी लागली. शिवानीनं अक्षरं जाड, साधी ठेवली, बेसनाच्या पिवळ्या रंगावर काळी. मोठ्या अक्षरांत 'थोट्याचं हॉटेल', खाली लहान अक्षरांत 'विश्रांती भोजनालय'. लावणारे दोघे शिडीवर होते, रस्त्यावर दहा-वीस माणसं जमली. पाटी वर चढली तेव्हा कुणी हसलं नाही, आश्चर्यही कुणाला वाटलं नाही. पानठेलेवाला म्हणाला, "मंग आधी काय नाव होतं?" फुलसिंगकाकांना मी निरोप पाठवला होता. ते खास आले, पाटीकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि आत येऊन जेवले.

मामाजी मात्र पाटी बघायला बाहेर आले नाहीत. भाऊबीज झाली, शिवानी नागपूरला गेली, तरी नाही. सकाळी ते मागच्या गल्लीतून येत आणि मागूनच जात. समोरच्या दारातून त्यांना येता-जाताना मी महिनाभर पाहिलं नाही. कुणी पाटीचं कौतुक केलं की मान हलवत आणि दुसरा विषय काढत. एखादं पाऊल उचलायला माणसाला वेळ लागतो, आणि तो त्याचा त्यानंच घ्यायचा असतो.

तोवर सोयाबीन संपून कापूस सुरू झाला होता. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे धागे अडकलेले, सकाळच्या हवेत गारवा, चहाला दिवसभर गर्दी. अशाच एका दुपारी मी पायरीवर उभी राहून हात पुसत होते, तर रस्त्याच्या पलीकडे, स्टँडच्या फाटकाशी मामाजी दिसले. हात पाठीमागे बांधलेले, मान वर. पेपर आणायला जातो म्हणून गेले होते, पण हातात पेपर नव्हता. ते पाटी वाचत होते. एवढी दोन ओळींची पाटी, पण ते किती तरी वेळ वाचत राहिले.

नांदेडची बस येऊन थांबली. एक जोडपं उतरलं, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. नवऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं, मग मोबाइल पुढे धरून मामाजींना काही विचारलं. मामाजींनी त्या मोबाइलकडे पाहिलं, वर पाटीकडे पाहिलं. मग मुलीचा हात धरला आणि दोन ट्रॅक्टरांच्या मधून तिघांना घेऊन रस्ता ओलांडून आले, सरळ समोरच्या दारानं. मी पायरीवरून बाजूला झाले.

"तुम्हाला कशाला त्रास दिला आजोबा," तो माणूस म्हणत होता. "नुसतं सांगितलं असतं तरी आलो असतो. तुमचं इकडेच काही काम होतं का?"

"काम कायचं," मामाजी म्हणाले. "माह्या बापाचं हॉटेल हाय."